अकराव्या मजल्यावरची मैत्रीण

लिफ्टचं दार उघडायचं, आतली माणसं सरकून जागा करायची, आणि मी हसून मान हलवत जिन्याकडे वळायचे. ‘तेवढाच व्यायाम होतो.’ हे वाक्य मी सहा वर्षं म्हटलं. इतक्या सफाईने म्हटलं, की त्यात कोणालाच काही खटकलं नाही. उलट कौतुक व्हायचं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने माझं पाहून जिना चढायला सुरुवात केली आणि दोन महिन्यांत गुडघे धरून बसला. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.

मूळ प्रसंग अगदी किरकोळ. संध्याकाळची वेळ होती. सातव्या मजल्यावरून खाली येत होते, एकटीच. मध्येच लिफ्टला हिसका बसला आणि ती थांबली. दिवा चालू राहिला, पंखा बंद पडला. मी घंटीचं बटण दाबलं. वरून कुठूनतरी आवाज आला, ‘आलो आलो, थांबा!’ (थांबा म्हणे. जशी काही मी निघालेच होते.) पंचवीस मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा बाहेरची फरशी माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर होती. म्हणजे इतका वेळ ज्याला मी अधांतरी लटकणं समजत होते, ते मजल्यापासून दीडएक फूट खाली थांबणं होतं. दुरुस्तीवाल्याने हात दिला, ‘घाई करू नका, बघून पाय टाका’ म्हणाला, आणि मी बाहेर आले. साधं खरचटलंसुद्धा नाही. रात्री घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला. सगळे हसले, मीही हसले. झोपही नीट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टसमोर उभी राहिले आणि पोटात गोळा आला.

आपल्या भाषेने भीती किती बारकाईने टिपली आहे, हे मला त्या काळात उमगलं. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो. यातलं काहीच अलंकारिक नाही. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून पोट आवळतं, बोटं थंड पडतात. पचनच थांबवायचं तर लाळ कशाला, म्हणून तोंड सुकतं. काटा तर केसाळ पूर्वजांकडून आलेला, शत्रूसमोर अंग फुलवून मोठं दिसण्याचा. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सगळ्याला लढण्याची किंवा पळण्याची तयारी म्हटलं. तयारी चोखच असते. फक्त समोर वाघ हवा. माझ्यासमोर एक स्टीलचं दार होतं आणि त्यावर एक बाण वर, एक बाण खाली.

‘आज नको, उद्या जाऊ,’ असं मी स्वतःला म्हटलं आणि वळले. त्या वळण्यात जे बरं वाटलं ना, ते आजही आठवतं. खांदे उतरले, श्वास मोकळा झाला, पोटातला गोळा विरघळला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसं. खरा घात तिथेच झाला, लिफ्ट अडकली तेव्हा नव्हे.

होबार्ट मौरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये याची दोन पायऱ्यांची उकल मांडली होती. आधी एखादी निरुपद्रवी गोष्ट एखाद्या वाईट अनुभवाला चिकटते आणि तिचीच भीती वाटू लागते. मग ती टाळली की सुटल्यासारखं वाटतं. ही सुटका म्हणजे टाळण्याला मिळालेलं बक्षीस. ज्याला बक्षीस मिळतं ते आपण पुन्हा करतो. शिवाय टाळलं, की आत गेल्यावर काहीच होत नाही हे कळण्याची संधीही जाते. मी दर वेळी जिन्याने सुखरूप पोचायचे आणि माझ्या मनाचा हिशोब असा, की बघ, जिन्याने आलीस म्हणून वाचलीस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस बिचारा एकाच जागी उभा होता, मीच रोज त्याला पाठ दाखवून त्याची उंची वाढवत होते.

गंमत म्हणजे या काळात मी लिफ्टबद्दल जेवढं वाचलं तेवढं एखाद्या इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याने तरी वाचलं असेल का, शंका आहे. एलिशा ओटिस या अमेरिकी संशोधकाने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, उंचावर नेलेल्या पाळण्यात स्वतः उभं राहून, जमलेल्या लोकांसमोर वरचा दोर कापून घेतला होता. पाळणा थोडासा खाली आला आणि त्याच्या नव्या ब्रेकने अडकून जागच्या जागी थांबला. म्हणजे ती भीती माझ्याआधी शंभराहून अधिक वर्षं लोकांना वाटत होती आणि तिच्यावर उपायही निघाला होता. आजच्या दोरांवर चालणाऱ्या लिफ्टला एक नव्हे, अनेक पोलादी दोर असतात. वेग मर्यादेबाहेर गेला तर तो ओळखणारं वेगळं यंत्र असतं आणि ते खालचे जबडे रुळांवर आवळतं. दुसऱ्या टोकाला समतोलाचं वजन असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा जास्त. त्यामुळे जवळजवळ रिकाम्या लिफ्टचा कल खरं तर वर जाण्याकडे असतो. आणि लिफ्टची पेटी हवाबंद नसते. तिला झरोके असतात, फटी असतात. आत अडकलेलं माणूस गुदमरत नाही. अडकलंच तर आत शांत बसून राहणं हेच सगळ्यांत सुरक्षित. धोका असतो तो दार ओढून अर्धवट थांबलेल्या लिफ्टमधून स्वतःच उतरण्याच्या धडपडीत.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. हे सगळं डोक्यात घेऊन मी लिफ्टसमोर उभी राहायचे आणि बोट बटणापर्यंत जायचं नाही.

अशा वेळी स्वतःचा फार राग येतो. शिकलेसवरलेली बाई, आणि एका पेटीला घाबरते. त्या रागावर मला उतारा मिळाला तो चार्ल्स डार्विनकडून. १८७२ मध्ये त्याने भावनांच्या आविष्कारांवर जे पुस्तक लिहिलं त्यात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितला आहे. प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापासमोरच्या जाड काचेला त्याने चेहरा जवळ नेला आणि ठरवलं, की सापाने झेप घेतली तरी मागे सरायचं नाही. साप काचेवर आदळला मात्र, डार्विनसाहेब एक-दोन यार्ड मागे! काच मध्ये आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलं, की कधीही न अनुभवलेल्या धोक्याच्या नुसत्या कल्पनेपुढे आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी दुबळी ठरली. हे वाचून मला जे हलकं वाटलं ते दहा जणांच्या ‘अगं, त्यात काय घाबरायचं’ने वाटलं नव्हतं. मेंदूतला जो भाग धोक्याची घंटा वाजवतो तो पुस्तकं वाचत नाही. त्याला दोरांची संख्या सांगून उपयोग नाही. त्याला काही शिकवायचं तर अनुभवानेच शिकवावं लागतं. हे कळलं तरी मी पुढे वर्षभर काही केलं नाही, हेही इथेच सांगून टाकते.

करायला लागले ते मैत्रिणीमुळे. ती अकराव्या मजल्यावर राहायला गेली. पहिल्यांदा गेले ती जिन्याने. दारात पोचले तेव्हा बोलायलाही श्वास उरला नव्हता, आणि तिने कौतुकाने घर दाखवत असताना मी भिंतीला टेकून नुसती मान हलवत होते. त्यानंतर मी गेलेच नाही. ‘तूच ये ना’, ‘बाहेरच भेटू’, ‘या आठवड्यात जमत नाहीये गं’. दीड वर्ष. टाळण्याचं कसब एव्हाना इतकं पक्कं झालं होतं, की आपण काही टाळतोय हेही ध्यानात येत नव्हतं. आपल्याला वेळ नाही, असंच वाटायचं.

एक दिवस ती शांतपणे म्हणाली, “तुला माझं घर बघवत नाही, असंच ना?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. तिचं घर मोठं, नवं. माझं लहान, जुनं. दीड वर्षाच्या माझ्या सबबींची बेरीज करून तिने उत्तर काढलं होतं, मत्सर. आणि माझ्याकडे त्या उत्तराला खोडणारं एकच वाक्य होतं, जे मी सहा वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. घरी मुलीला संशय होता. ‘आई, तू घाबरतेस ना लिफ्टला?’ असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी तिच्यावरच ओरडले होते.

अगदी खरं सांगते, पुढे मी जे काही केलं त्यात सर्वांत अवघड ते वाक्य होतं. “मला लिफ्टची भीती वाटते.” चार शब्द. ते म्हणताना घसा इतका सुकला, जितका लिफ्टसमोरही कधी सुकला नव्हता. भीती वाटते याची लाज ही मूळ भीतीपेक्षा जास्त जागा अडवून बसलेली असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मैत्रीण काही क्षण बघत राहिली. मग हसायला लागली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसली. “अगं मूर्ख बाई,” ती म्हणाली, “दीड वर्ष मी तुला मनातल्या मनात शिव्या घालतेय!”

जर्मन कवी गटेला तरुणपणी उंचीची भीती होती. स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर एकटाच चढून, वरच्या अगदी चिंचोळ्या, कठडा नसलेल्या जागेत तो मुद्दाम उभा राहायचा. पुन:पुन्हा, भीती बोथट होईपर्यंत. आत्मचरित्रात त्याने हे लिहिलं आहे. थोर माणूस. मला ते झेपणारं नव्हतं. आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. रविवारची दुपार, इमारतीत सामसूम. मैत्रीण दार उघडं ठेवण्याचं बटण दाबून उभी आणि मी आत, नुसती उभी. चढायचं नाही, उतरायचं नाही. येणारेजाणारे विचारायचे, “बिघडलीय का?” “हो,” मैत्रीण गंभीरपणे सांगायची, “दुरुस्ती चालू आहे.”

दुसऱ्या रविवारी दार बंद करायचं आणि लगेच उघडायचं. तिसऱ्या रविवारी एक मजला. मी एक छोटी वही केली होती. आत जाण्याआधी त्यात लिहायचं, की काय होईल असं वाटतंय. ‘दार उघडणार नाही.’ ‘श्वास कोंडेल.’ ‘मी किंचाळेन.’ बाहेर आल्यावर त्याखाली लिहायचं, काय झालं. ‘उघडलं.’ ‘कोंडला नाही.’ ‘किंचाळले नाही, पण गुणगुणत होते, आणि बेसूर.’ त्या वहीची पानं आज वाचताना हसू येतं, पण माझ्या आतल्या घंटेवाल्याला पटलं असेल तर ते या दोन ओळींमधल्या अंतरामुळेच. त्याने वर्तवलेलं भविष्य दर वेळी खोटं ठरत होतं, आणि तेही माझ्या अक्षरात.

एक चूक सांगायलाच हवी, कारण सगळे तोच सल्ला देतात. ‘खोल श्वास घे.’ मी घेत होते. मोठमोठे, भराभर. तिसऱ्या मजल्यावर बोटांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, आणि वाटलं, आता संपलं. नंतर समजलं, की गरजेपेक्षा जास्त आणि वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, चक्कर येते. म्हणजे हवा कमी पडतेय या भीतीने मी हवा जास्त घेत होते आणि त्याच्या परिणामांना गुदमरणं समजत होते. त्यानंतर श्वासाकडे लक्ष देणंच सोडलं. तो आपला आपण चालतो.

आणि कुबड्या! फोन हातात, रेंज तपासलेली. पाण्याची बाटली. पाठ नेहमी बटणांच्या बाजूला. या तीन गोष्टी असतील तरच मी आत पाऊल टाकायचे, आणि सुखरूप बाहेर आले की श्रेय त्यांनाच द्यायचे. मैत्रिणीच्या हे लक्षात आलं. एका रविवारी तिने बाटली काढून घेतली, पुढच्या रविवारी फोन. फोन देताना मी तिच्याशी भांडले. खरंखुरं, आवाज चढवून.

हळूहळू एक निराळीच गोष्ट घडली. शाळेत आपण भीतीचा विरुद्धार्थी शब्द धैर्य असा लिहायचो. माझ्या वाट्याला ते धैर्य काही आलं नाही. मला कंटाळा आला. एका दुपारी तळमजला ते चौथा मजला अशा नवव्या फेरीत मी दारावरचा ओरखडा बघत होते आणि घरी जाऊन कोणते कपडे धुवायचे आहेत याचा विचार करत होते. मध्येच भान आलं, की अरे, आपण लिफ्टमध्ये आहोत. त्या क्षणी पुन्हा धस्स झालं, पण कसं, तर आठवण झाली म्हणून शिष्टाचारापुरतं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. महिन्याभराने एका दुसऱ्याच इमारतीत जावं लागलं. तिथली लिफ्ट अरुंद, जुनी, दिवा पिवळा. आत शिरले, दार लागलं आणि पहिल्या दिवसाचं सगळं जसंच्या तसं परत. गोळा, कोरड, थरथर. दुसऱ्याच मजल्यावर उतरून पळाले. घरी येऊन रडले, कारण वाटलं सगळं पुसलं गेलं.

तेव्हा पीटर भेटला. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईने ज्याच्यावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला, तो जेमतेम तीन वर्षांचा मुलगा. त्याला सशाची भीती होती. न घाबरणाऱ्या मुलांच्या सोबतीत ठेवून त्याची भीती हळूहळू कमी होत होती. मध्येच त्याला आजारपणामुळे जवळजवळ दोन महिने इस्पितळात राहावं लागलं, आणि तिथून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. भीती पुन्हा पहिल्या पायरीवर. मग जोन्सने नव्याने सुरुवात केली. पीटर आवडीचं काहीतरी खात असताना सशाचा पिंजरा लांबून रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तो ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी पीटर शांत. या प्रयोगाचा उल्लेख करताना लोक शेवटचा ससा सांगतात. मला मधला कुत्रा महत्त्वाचा वाटतो.

कारण जुनी भीती पुसली जात नाही. कुत्र्यांना सवयी लावण्याचे प्रयोग करणाऱ्या पावलोव्ह या रशियन शरीरशास्त्रज्ञालाही त्याच्या कुत्र्यांत हे दिसलं होतं. मोडून काढलेली सवय काही काळ मध्ये गेला की आपोआप डोकं वर काढायची. नवा धडा जुन्यावर खोडरबर फिरवत नाही, त्याच्या शेजारी लिहिला जातो. आणि तो जिथे शिकला त्या जागेला चिकटून राहतो. मी ‘लिफ्टला घाबरायचं नाही’ असं शिकलेच नव्हते. मी ‘या इमारतीतल्या या लिफ्टला, रविवारी दुपारी, मैत्रीण शेजारी असताना घाबरायचं नाही’ असं शिकले होते. मग निरनिराळ्या लिफ्ट शोधत हिंडले. गर्दीच्या, रिकाम्या, काचेच्या, करकरणाऱ्या. ज्यांचं रोजचं जगणंच अशा भीतीने अडलं आहे ते मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने हेच करतात, आणि माझ्यापेक्षा नेटकेपणाने. मला ती वाट तेव्हा सुचली नाही एवढंच.

सगळ्यांत शेवटची कुबडी मैत्रीण स्वतः होती. ते कळायला फारच वेळ लागला.

एका मंगळवारी, तिला न कळवता, एकटी गेले. फोन बॅगेत तळाशी. अकरा दाबलं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, बाहेर कोणीच नव्हतं. रिकामा पॅसेज, समोर जिना. दार काही सेकंद उघडं राहिलं. जिना माझ्याकडे बघत होता, मी जिन्याकडे. छातीत धडधड होतीच, ती असते, अजूनही असते. दार लागलं. पाच. सहा. सातला जुनी आठवण आली आणि निघून गेली. आठ, नऊ. माझ्या हाताने मध्येच कधीतरी कठडा धरला होता, तो मी सोडला नाही. इतकंही काही शूर व्हायला नको.

मैत्रिणीने दार उघडलं ते साबणाच्या ओल्या हातांनी. माझ्याकडे बघितलं. मला धाप लागलेली नव्हती. तिने माझ्यामागच्या लिफ्टच्या दिव्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, “नळ चालू राहिलाय, ये आत.”

आता मी दर आठवड्याला जाते. वर जाताना लिफ्टने. खाली येताना मात्र... म्हणजे अडकले होते ती खाली येतानाच, आणि जिनाही चांगला रुंद, उजेडाचा आहे. मैत्रीण दारात उभी राहून विचारते, “लिफ्ट बोलावू का गं?”

“नको,” मी चपला घालता घालता सांगते, “तेवढाच व्यायाम होतो.”